डावा हात

कारा-बुलुन, ९ मे १९६८

गोऱ्या वन्संना कालिपा वहिनीचा सलाम.

माणसं, मेंढ्या, तुमचे दादा आणि त्यांचा खोकला, सगळं ठीक आहे. एरवी एवढंच मी दोन पानं भरून लिहिते, पण आज विचारायचं आहे ते पोटात मावत नाही. आमचे जावईबापू बरे आहेत ना? होय की नाही, एका शब्दात कळवा.

आता झालं काय ते ऐका. परवा शाबदान सिनेमाची गाडी घेऊन आला. लोकर कातरायच्या शेडमधून मेंढ्या बाहेर हाकलल्या, खिडक्यांवर लोकरीचे जाड नमदे टांगले आणि भर दुपारी अंधार केला. एरवी हा बाबा दारावरून भोंगा वाजवत निघून जातो. या खेपेला मात्र थेट आपल्या दारात उतरला, टोपी सारखी केली, आणि आईंचा हात दोन्ही हातांत घेऊन सलाम केला. नटीच्या आईचा मान! मागोमाग आपल्या सामूहिक शेतीचे, कोल्होझचे अध्यक्ष आले, तेही कोट चढवून. आईंना सगळ्यांत पुढं नेऊन बसवलं. उजवीकडे ओसमोन आबा (त्यांना ऐकू येत नाही, म्हणून पुढंच बसायचं असतं), डावीकडे अध्यक्ष, मागं गावातल्या झाडून सगळ्या पांढऱ्या दाढ्या. शेडमध्ये गारठा होता म्हणून मी आईंच्या खांद्यावर शाल टाकली. माझाही हातभार लागला म्हणायचा.

वन्सं, तुम्ही इथल्याच लेकी. आपल्याकडे वाईट बातमी कोणी दारात उभं राहून सांगत नाही. म्हातारी माणसं मिळून येतात, बाईला मधे बसवतात, गवतपाण्याच्या गप्पा मारतात आणि मग ऐकवतात. मामंजी लढाईत गेले तेव्हा आईंना असंच ऐकवलं होतं. त्याआधी महिनाभर सगळं गाव त्यांना सांगत होतं, पत्रं घाटात अडकलीत, माणूस खुशाल आहे. अध्यक्ष आपल्या घरी आले ते त्या वेळी आणि थेट आता.

आणि समोर पडद्यावर काय? तर तुम्ही! उन्हाळी कुरणावरचा तंबू, तुम्ही बुधल्यात घोडीचं दूध घुसळताय. लांबून म्हातारे घोड्यावरून येतात. तुम्ही एकदाच वर बघता आणि तुम्हाला कळतं. ते आत येऊन बसतात, एकाच्या छातीशी लढाईवरून आलेला मयताचा काळा कागद आहे, आणि तुम्ही म्हणता, "बसा. अजून आंबायचंय." आणि घुसळतच राहता. रडणं नाही, छाती पिटणं नाही. सुरकुत्यांत पाणी मुरावं तसं अध्यक्षांच्या तोंडावर पाणी होतं. मी तर माझ्या मांडीवरच्या पोराला इतकं आवळलं की ते किंचाळलं.

खेळ संपला, दिवे लागले. आई उठल्या, चहूबाजूंच्या दाढ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऐकवलंत. अल्लाची मर्जी. माझा मेदेर कधी गेला?"

लोक आधी हसले. मग आईंनी घरी जाऊन काळा रुमाल बांधला, तेव्हा कोणी हसलं नाही. मी म्हटलं, "आई, तो अभिनय आहे, सिनेमात नवरा मेलाय." तर मला म्हणतात, "अभिनय मला शिकवू नकोस. मागच्या सिनेमात ती डॉक्टरीण झाली होती, तो अभिनय होता. नाडी बघताना माझ्या पोरीचं लक्ष स्वतःच्या केसांकडे होतं, मी पोट धरून हसले. हा अभिनय नव्हे."

काल शेजारीण सांत्वनाला येऊन गेली. तिलाही माहीत आहे सिनेमा आहे म्हणून. पण बाई काळा रुमाल बांधून बसली असताना दारावरून सरळ जायचं तरी कसं? आणि एक येऊन गेली की दुसरीला घरी बसवत नाही. आज सकाळी पुरुषसुद्धा "हाय रे माझ्या भावा" ओरडत आले. मी सगळ्यांना चहा देतेय आणि सगळ्यांना सांगतेय की कोणी मेलेलं नाही. ते मान डोलावतात, चहा पितात, दुवा मागतात आणि जातात.

लवकर कळवा हो. माझं डोकं पार पिंजलेल्या लोकरीसारखं झालंय.

तुमची कालिपा

ता.क. चौदा वर्षं मी तुमचं नाव तोंडानं घेतलेलं नाही, सासरच्या माणसांचं घेत नाहीत म्हणून; ‘गोऱ्या वन्सं’वरच भागवते. आता ते शाबदानच्या गाडीवर हातभर अक्षरांत रंगवलंय. मान खाली घालून गाडीसमोरून जावं लागतं.


तार. फ्रुंझे, १७ मे

मेदेर जिवंत आहे. पत्र पाठवते. सायकाल


फ्रुंझे, १८ मे १९६८

कालिपा वहिनी,

तार मिळाली असेल. तुझं पत्र स्टुडिओत वाचलं आणि इतकी हसले की मेकअपवाल्या बाईंनी पाणी आणून दिलं. मग तेच पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. दिग्दर्शक तोलोमुश टाळ्या वाजवून म्हणाले, "सायकाल, बक्षिसं गेली खड्ड्यात, याहून मोठं बक्षीस कुठल्या नटीला मिळालंय?"

मेदेर खुशाल आहे. सध्या कामासाठी फिरतीवर असतो, त्यामुळे घरी फारसा सापडत नाही. आईला सांग, जावई जाडसुद्धा झालाय.

तुला तो प्रसंग आवडला म्हणून सांगते. लिहिलेला होता वेगळाच. कागद हातात पडल्यावर मी किंचाळायचं, बुधला उलटायचा, दूध जमिनीवर वाहायचं, असं होतं. तोलोमुशनी दूधसुद्धा जास्तीचं मागवून ठेवलं होतं. मी म्हटलं, एकदा माझ्या मनासारखं करू द्या. त्यांना वाटलं मी कपडे खराब होतील म्हणून भांडतेय. कॅमेरा सुरू झाला आणि मी घुसळत राहिले. "अजून आंबायचंय" हे वाक्यही कुठं लिहिलेलं नव्हतं. म्हातारे नट गोंधळले, एकमेकांकडे बघायला लागले, आणि तेच किती खरं दिसलं बघ! चांगलं काम निम्मं समोरच्याच्या गोंधळावर उभं असतं. शाबदानला सांग, पुढं कधी इटलीचा नाहीतर जपानचा सिनेमा आणलास तर आमच्या वहिनीला बोलव. आणि तू बोलत्या माणसाकडे नको बघूस, ऐकणाऱ्याकडे बघ. नट ओळखायचा तो ऐकताना.

एक गोष्ट मात्र मनात टोचत राहिली. आई म्हणाली, हा अभिनय नव्हे. हसून झाल्यावर मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मग हसू आलं नाही. ती खरंच असं म्हणाली का गं, की तू मीठमसाला लावलास?

तिला लवकर समजाव. काळा रुमाल काढायला लाव.

तुझी सायकाल


कारा-बुलुन, २ जून १९६८

गोऱ्या वन्संना सलाम.

तुम्ही शिकल्यासवरलेल्या, पण तार कशी काय केलीत हो? पोस्टमन काळीज हातात घेऊन आला. इथं तारेतून कोणी जन्माला आलेलं नाही, फक्त मेलंय. दारात येण्याआधी त्यानं ओसमोन आबांना सोबत घेतलं. तार वाचून दाखवली तशी आई म्हणाल्या, "जिवंत माणूस जिवंत आहे म्हणून कोणी तार करतं का?" खरंच, कोण करतं?

इथं आता असं झालंय की आम्ही जितकं सांगू तितकं घट्ट होतंय. मी म्हटलं, "आई, जावईबापू फिरतीवर आहेत," तर त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्या मामंजींच्या वेळी मलाही असंच सांगायचे गं, तुला फार बोलावं लागतंय, दमलीस." उलट माझंच सांत्वन! तुमचे दादा रागावून कुरणावर निघून गेले. पुरुषांचं बरं असतं, मेंढ्या कधीही आजारी पडू शकतात.

मीठमसाला लावला नव्हता. त्याहून पुढचं ऐका. मी विचारलं, "आई, तुम्हाला एवढी खात्री कशावरून?" तर म्हणाल्या, "मला ऐकवायला आले तेव्हा मी अशीच घुसळत होते. थांबले नाही. तंबूत मी आणि ते म्हातारे, बस. सायकाल पाच वर्षांची होती, झोपली होती. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. मग तिच्या हाताला कुठून कळलं? अंगावर पडल्याशिवाय हे हाताला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी शाबदान पलीकडच्या खोऱ्यात निघाला होता. मी लोकर पोचवायचं निमित्त केलं आणि गाडीत बसले. त्याच्याबरोबर दोन गावांत तुमचा सिनेमा पाहिला. तुम्ही सांगितलं तसं बोलणाऱ्यांकडे बघितलंच नाही. आणि वन्सं, मला एक सापडलं. म्हातारा "तुझा नवरा" एवढं म्हणतो आणि थांबतो. तिथं तुम्ही हात बदलता. उजव्या हातातला दांडा डाव्या हातात येतो. ताल मोडत नाही, पण उजवा हात मोकळा होतो आणि त्याला काय करावं कळत नाही. तो रुमालापाशी जातो, मागं येतो, गुडघ्यावर बसतो. जणू त्या हाताला कोणीतरी धरायला हवं होतं. तोंडावर तर काहीच नाही. सगळं त्या रिकाम्या हातात. दुसऱ्या गावात ते दिसलं तेव्हा मी मोठ्यानं "हात बघा!" म्हणाले आणि लोकांनी मला गप्प केलं.

पण कौतुक बाजूला ठेवते. मुद्द्याचं सांगते. आईंनी मयताच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण ठरवलंय. कुला घोडी कापायची म्हणतात. तीच, जी तुमच्या पहिल्या बाळंतपणासाठी म्हणून राखलेली आहे. "जावयाला मोकळ्या हातानं पाठवू का?" म्हणतात. मी घोडी शेजाऱ्यांच्या कुरणात लपवलीय, पण ती रोज संध्याकाळी स्वतःच घरी येते. आता जिवंत माणसाच्या नावानं सगळं गाव जेवायला बसलं तर आपण तोंड कुठं दाखवायचं? आणि खुदा न करो, तो अपशकुन लागला तर?

जावईबापूंना सरळ गाडीत बसवा आणि इकडे धाडून द्या. दारात उभे राहू देत, चहा पिऊ देत, लगेच परत जाऊ देत. ह्याला तर दुसरा उपाय नाही.

तुमची कालिपा


फ्रुंझे, १४ जून १९६८

आई, सलाम!

तुमचा जावई मेदेर कबरीतून लिहितोय! इथं जागा ऐसपैस आहे, पण तुमच्या हातच्या खाऱ्या दह्याच्या गोळ्या मिळत नाहीत, म्हणून परत यायचं ठरवलंय. आई, माझ्या नावानं घोडी कापताय असं कळलं. निदान मला जेवायला तरी बोलवा! कुलाला माझा सलाम सांगा आणि म्हणावं, मी जिवंत आहे तोवर तुला भीती नाही.

कामामुळे सध्या येता येत नाही. वाईट वाटून घेऊ नका. गुडघ्याला मेंढीची चरबी लावता ना? दादांना म्हणावं, बुद्धिबळाचा डाव अर्धा राहिलाय, सोंगट्या हलवू नका. सायकाल माझी छान काळजी घेते. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो.

तुमचा मेदेर


कारा-बुलुन, २८ जून १९६८

गोऱ्या वन्संना सलाम.

गेल्याची तारीखच माहीत नाही, दिवस कुठून मोजायचे, असं म्हणून चाळिसावा मी अडवून धरलाय. जावईबापूंचं पत्र मी अंगणात सगळ्यांसमोर वाचलं. लोक लोटपोट हसले. ओसमोन आबांना ओरडून पुन्हा सांगावं लागलं, मग तेही हसले. मला वाटलं, सुटलो.

आई नाही हसल्या. म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मेदेर इतका चांगला मेदेर कधीच नव्हता."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे तो एका पत्रात एवढं सगळं कधी विचारायचा नाही. घोडी, गुडघा, दही, बुद्धिबळ, काही सुटलंच नाही. खरा माणूस काहीतरी विसरतो. हे त्याला आठवून आठवून कोणीतरी लिहिलंय."

वन्सं, मी घरात जाऊन पत्र परत वाचलं, आणि तुमच्या डॉक्टरीणबाई आठवल्या. केसांकडे लक्ष.

आता माझं ऐका. आपला ट्रकवाला सागिन गेल्या आठवड्यात फ्रुंझेहून आला. त्यानं जावईबापूंना बाजारात पाहिलं. चेरी विकत घेत होते. त्याला आनंद झाला, हाक मारणार होता. मग त्याला दिसलं की त्यांच्या दुसऱ्या हाताला एक बाई धरून होती, आणि ती तुम्ही नव्हता. तो हाक न मारता निघून आला आणि हे फक्त मला सांगितलं. मी त्याला कुराणावर हात ठेवायला लावून गप्प बसवलंय.

मी आईंपाशी गेले आणि म्हटलं, "सागिननं पाहिलं, जिवंत आहेत." बाईचं नाही सांगितलं. तर म्हणाल्या, "मेलेली माणसं बाजारात दिसतात. तुझे मामंजी मला तीन वर्षं दिसत होते."

मला आता काहीच कळेनासं झालंय. मेलेत म्हणावं तर चेरी खातायत. जिवंत म्हणावं तर पत्र दुसरंच कोणी लिहितंय. आई खोटं बोलत नाहीत, सागिन खोटं बोलत नाही, तुम्ही खोटं बोलाल असं वाटत नाही, आणि तरी तिघांचं एकत्र बसत नाही. रात्रंदिवस मी तुमचा तो रिकामा उजवा हात बघतेय. वन्सं, मी तुम्हाला चिडवते, नावं ठेवते, तो माझा हक्कच आहे. पण वहिनी म्हणजे काय फक्त चिडवायलाच असते? मला खरं सांगा. जे असेल ते मी उचलीन.

तुमचीच कालिपा


फ्रुंझे, ९ जुलै १९६८

वहिनी,

पत्र मी लिहिलं होतं. मेदेरला सांगितलं, दोन ओळी लिहून दे, तर म्हणाला, "काय लिहू? मला तुझ्या आईशी खोटं बोलायला लाज वाटते." त्याला लाज वाटते! मग मीच मेदेर झाले. मला वाटलं मस्त जमलंय.

गेल्या वर्षी जुलैमध्ये आम्ही कुरणावर चित्रीकरण करत होतो. मेदेर भेटायला आला. मला वाटलं, आठवण आली असेल. ओढ्यापाशी बसून त्यानं सांगितलं की तो दुसरीकडे राहायला गेलाय, सामानही नेलंय, किल्ली शेजाऱ्यांकडे आहे. मग जीपमध्ये बसून निघून गेला. मी तंबूत येऊन सगळ्यांबरोबर जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रसंग होता.

तुम्हाला कळवलं नाही. पहिल्यांदा वाटलं, परत येईल. मग वाटलं, आईला काय सांगू, मेला नाही, नुसता गेलाय असं? आपल्याकडे नवरा मेलेल्या बाईसाठी गाणी आहेत, रुमाल आहे, घोडी आहे. नवरा चेरी विकत घेत असेल तर तिनं काय करायचं, ह्याची काही रीतच नाही. म्हणून मी गप्प बसले.

पण मला खरी भीती वेगळीच आहे. ती तुला नाही तर कुणाला सांगू? इथं सगळे म्हणतात, केवढं मोठं काम केलंस. वर्तमानपत्रात आलं, दुसऱ्या देशात सिनेमा गेला. आणि मला माहीत नाही की मी काम केलं का. आई म्हणते मी झोपले होते, पण मी झोपले नव्हते. रजयांच्या ढिगाखालून मी बघत होते. म्हातारे, बुधला, तिचा हात. "अजून आंबायचंय" हेसुद्धा तीच म्हणाली होती. मी सगळं तिचं उचललं, तो डाव्या हातात घेतलेला दांडासुद्धा. म्हणजे अर्धं आईचं चोरलेलं आणि अर्धं मेदेरनं आदल्या दिवशी हातात दिलेलं. मग त्यात माझं काय, वहिनी? कॅमेरा लावलेला असताना रडू न आलेली एक बाई, एवढंच. आणि जिथं खरंच अभिनय केला तिथं आईनं दोनदा पकडलं, डॉक्टरीण म्हणून आणि मेदेर म्हणून.

आता नवा सिनेमा आहे. मी नवरी आहे, लग्नात हसायचंय. तोलोमुश रोज सांगतात, हस. मी दात दाखवते. काल ते कंटाळून म्हणाले, "त्या कुरणावरची बाई कुठं गेली?" महिन्याभरात नाही जमलं तर दुसरी मुलगी घेतील. त्यांचं चूक नाही.

आईला काय सांगायचं ते तू ठरव. आता मला एकही ओळ खरी लिहिता येईल असं वाटत नाही.

सायकाल


कारा-बुलुन, १९ ऑगस्ट १९६८

गोऱ्या वन्संना, माझ्या वन्संना सलाम.

उशीर झाला, रागावू नका. पत्र वाचून मी आधी घोड्याच्या तबेल्यात जाऊन तुमच्या नवऱ्याला मनसोक्त शिव्या दिल्या. घोडे मान वर करून ऐकत होते. मग विचार केला की वाईट बातमी आहे, तर ती रीतीनंच ऐकवायला हवी. मी एकटीनं सांगितली तर आई म्हणतील, सून दमलीय.

ओसमोन आबांकडे गेले. त्यांच्या कानात ओरडायचं म्हणजे सगळ्या गावाला ऐकू जाणार, म्हणून त्यांना ओढ्यापलीकडे नेऊन सांगितलं. ते दाढी कुरवाळत म्हणाले, "मेल्याचं ऐकवून ऐकवून म्हातारा झालो. जिवंत असल्याचं कधी ऐकवलं नाही. दुवा कुठली म्हणायची पोरी?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक, आबा? कुठलीही म्हणा."

शुक्रवारी सगळ्या पांढऱ्या दाढ्या आल्या. आईंना मधे बसवलं. गवत बरं आहे, लोकर बरी आली, असं झालं. आई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "आता कोण गेलं?"

आबा म्हणाले, "कोणी गेलं नाही, बाई. मन घट्ट कर. तुझा मेदेर जिवंत आहे. सुखात आहे. दुसरीकडे आहे."

वन्सं, तीन महिने काळा रुमाल बांधून बसलेल्या आईंच्या डोळ्यांतून मी एक थेंब पाहिला नव्हता. ते ऐकलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. मयताला रडतात तशा, सुरावर. म्हातारे कावरेबावरे होऊन टोप्या चाचपत होते. जिवंत माणसावर रडू नये असं सांगावं, तर कुणाची हिंमत होईना. रडून झाल्यावर म्हणाल्या, "मेला असता तर आपला राहिला असता." आणि थोड्या वेळानं, "वर्षभर माझी पोर एकटी घुसळत बसली होती." मग काळा रुमाल काढून चुलीत टाकला आणि मला म्हणाल्या, "घोडी लपवायचं बंद कर, बिचारीची पायपीट होते. ती सायकालची आहे."

मी तुमची ती दुसरी भीतीही त्यांना सांगितली. नको सांगायला होतं की हवं होतं, मला कळत नव्हतं. पण तुम्ही म्हणालात तू ठरव, म्हणून ठरवलं. त्यांनी फक्त विचारलं, "डावा हात? कुठला डावा हात?" मी दाखवलं, दांडा असा इकडून तिकडे. त्या म्हणाल्या, "शाबदान कधी येतोय?"

शाबदान काल आला. पुन्हा मेंढ्या बाहेर, पुन्हा नमदे खिडकीला. या खेपेला आई कुणाच्या मधे बसल्या नाहीत. एक स्टूल घेऊन पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांची सावली पडायला लागली, तेव्हा शाबदाननं हात जोडून मागं घेतलं. तुमचा प्रसंग आला. म्हातारे आले, बसले. "तुझा नवरा" असं एक जण म्हणाला, थांबला. तुम्ही हात बदललात.

आईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "हे माझं नव्हे."

मी म्हटलं, "वन्सं तर म्हणतात तुमचंच आहे."

"ती पाच वर्षांची होती, तिला काय आठवतंय! त्या उन्हाळ्यात घोडीनं लाथ मारली होती. माझा डावा हात फळी लावून गळ्यात बांधलेला होता. मी बदलणार कशी? बदलता आला असता तर बदललाच असता गं. उजवा खांदा निखळायला आला होता." आणि मग पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "घुसळणं माझं. दुःख त्या मेल्या मेदेरचं. पण हा हात तिनं स्वतः घडवलाय. किती छान घडवलाय बघ."

तेवढ्यात मागं कोणीतरी कुजबुजलं, जावई खरंच मेला की नाही, नक्की काय झालं म्हणून. दुसऱ्यानं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सगळ्या शेडमध्ये कुजबुज पसरायला लागली. आई स्टुलावरून उठून मागं वळल्या. त्यांच्या तोंडावर आणि पांढऱ्या रुमालावर तुमचाच चेहरा हलत होता.

"गप्प बसा रे सगळे," त्या ओरडल्या. "माझी मुलगी काम करतेय."

तुमची कालिपा